टीव्हीचं बोलावणं आलं, पण हाताशी मिनिटं किती आहेत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: नागपूरचे एक वाचक, वय २८, खासगी बँकेच्या कर्ज विभागात नोकरीला आहेत. दोन वर्षांपासून ते सुट्टीच्या दिवशी ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन सादर करू शकतं अशा मंचावर, मराठीतून स्टँडअप करतात. लग्नाचं संगीत, गणेश मंडळ, कोजागिरी अशा कार्यक्रमांचं सूत्रसंचालनही करतात. त्यांची एक क्लिप गाजली आणि मुंबईच्या एका निर्मिती संस्थेनं विनोदी कार्यक्रमासाठी करार पाठवला. त्यात दोन वर्षं दुसरीकडे कुठेही काम न करण्याची अट आहे, आणि उत्तर तीन आठवड्यांत द्यायचं आहे. वडील म्हणतात, नोकरी सोडायची नाही. मित्र म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही. एकानं सांगितलं, बोली शुद्ध कर; दुसऱ्यानं सांगितलं, पूर्ण वऱ्हाडीच ठेव, तेच चालतं. दिवाळीनंतर लग्न आहे आणि होणाऱ्या पत्नीला यातलं काहीच माहीत नाही. ते लिहितात, "स्टँडअप ही पायरी आहे. मला टीव्हीवरचा होस्ट व्हायचंय. माझ्याकडे वीस मिनिटं पक्की आहेत. राजीनामा देऊ का?"

उत्तर:

राजीनामा आत्ता देऊ नका, आणि त्या संस्थेला नकारही कळवू नका. कारणं खाली लिहितो. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या "पायरी" या शब्दापाशी थांबायला हवं. सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

स्टँडअप खाली आणि होस्ट वर, अशी एकच शिडी आहे असं तुम्ही धरून चालला आहात. खरं तर ही दोन वेगळी कामं आहेत. स्टँडअपमध्ये मजकूर तुमचा, वेळ तुमची आणि हशाही तुमचा. होस्टला हशा दुसऱ्याला मिळवून द्यायचा असतो, वेळ कार्यक्रमाची सांभाळायची असते, आणि स्वतःला सुचलेला चांगला विनोद पाहुणा रंगात असेल तर गिळावा लागतो. आदेश बांदेकरांनी २००४ पासून घरोघरच्या वहिनींना बोलतं केलं ते विनोदांच्या साठ्यावर नव्हे, ऐकण्याच्या सवयीवर. प्राजक्ता माळी हास्याच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करतात आणि त्या स्टँडअप करून तिथे आलेल्या नाहीत. दोन्ही कामं एकाच माणसाला जमल्याचीही उदाहरणं आहेत. पण त्यांच्या तारखा पाहा. कपिल शर्मा टीव्हीवरची हास्यस्पर्धा जिंकले २००७ मध्ये आणि स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळाला २०१३ मध्ये. अमेरिकेतले टीव्ही होस्ट डेव्हिड लेटरमन आधी इंडियानापोलिसच्या स्थानिक वाहिनीवर हवामान सांगायचे. १९७५ साली ते लॉस एंजेलिसला गेले, १९८० मध्ये मिळालेला सकाळचा कार्यक्रम चार महिन्यांत बंद पडला आणि रात्रीचा कार्यक्रम सुरू झाला १९८२ मध्ये. मधली वर्षं फुकट गेली नाहीत, त्याच वर्षांत माणूस घडला.

तुमच्या करारात तर यातलं एकही काम दिसत नाही. मराठी वाहिन्यांवरचा विनोद मुख्यतः स्किटचा आहे. दोन-चार कलाकार, एक प्रसंग, लेखकानं लिहिलेली संहिता, तालीम आणि मग चित्रीकरण. एकट्यानं माइक धरून बोलणं तिथे फार कमी असतं. तुम्ही पाठवलेल्या मजकुरात "कलाकार" एवढंच लिहिलं आहे. म्हणून संस्थेला विचारायचा पहिला प्रश्न हा: मला स्किटमधला कलाकार म्हणून घेताय, लेखक म्हणून, की स्वतंत्र सादरीकरणासाठी? उत्तर लेखी मागा. स्किट असेल तर तेही शिकण्यासारखं काम आहे, पण ते होस्टपदाकडे आपोआप नेत नाही. त्या वाटेनं जायचं असेल तर लेखन हा जास्त भरवशाचा दरवाजा आहे. निलेश साबळे २०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'चं सूत्रसंचालन करत होते तेव्हा त्याचं लेखन-दिग्दर्शनही त्यांच्याकडेच होतं. कार्यक्रम आतून कसा बांधतात हे ठाऊक असलेला होस्ट वाहिनीला सहजासहजी बदलता येत नाही.

आता तुमची वीस मिनिटं, म्हणजे हमखास हसवणारा तेवढा मजकूर. ती कुठे मोजलीत? ओळखीच्या कॅफेत, निम्मे प्रेक्षक मित्र असताना मोजलेली असतील तर ती बहुधा आठ-नऊच भरतील. पुढचे तीन आठवडे एवढं करा. प्रत्येक वेळी फोन खिशात ठेवून संपूर्ण सेट ध्वनिमुद्रित करा. दुसऱ्या दिवशी ऐकताना कागदावर प्रत्येक विनोदासमोर आकडा लिहा: शांतता असेल तर ०, तुरळक हसू असेल तर १, सगळी खोली हसली असेल तर २. मित्रांचे आवाज ओळखू येतात, ते वजा करा. मग हाच सेट तीन वेगळ्या गर्दींसमोर करा: एक कॉलेजची, एक कुटुंबवत्सल मंडळाची आणि एक नागपूरबाहेरची. वर्धा किंवा अमरावती सकाळी जाऊन रात्री परतण्याइतकं जवळ आहे. जमलं तर पुण्यालाही एकदा करा, कारण तिथे "करून राहिलो" ऐकून कोणी आपोआप हसत नाही. तिन्ही ठिकाणी २ मिळाले तोच विनोद पक्का धरा. मिनिटाला चार हशे पडत नसतील तर ते मिनिट मोजू नका.

हे एवढ्या काटेकोरपणे करायला सांगतो, कारण टीव्ही साठा खातो. पाच मिनिटांच्या चार फेऱ्या म्हणजे तुमची वीस मिनिटं संपली. एकदा प्रसारित झालेला विनोद दुसऱ्या दिवसापासून मोबाइलवर फिरतो, आणि पुढच्या महिन्यात तिकीट काढून आलेला प्रेक्षक पंच, म्हणजे हसवणारी शेवटची ओळ, तुमच्या आधी म्हणतो. साठा नसताना गेलेला कलाकार पाचव्या आठवड्यात घाईघाईनं लिहायला लागतो, ते कमजोर निघतं आणि लोकांच्या लक्षात तेच राहतं. निदान पंचेचाळीस पक्की मिनिटं असावीत, त्यातली वीस टीव्हीला द्यावीत आणि पंचवीस रंगमंचासाठी राखून ठेवावीत. दोन वर्षांत वीस, या वेगानं तुम्हाला अजून निदान अडीच वर्षं लागतील. हा काळ जास्त नाही.

मिनिटं वाढवताना एक गोष्ट मराठीत विशेष सांभाळावी लागते. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं. "त्या अर्जावर जामीनदार म्हणून सासऱ्याचं नाव लिहिलेलं होतं" असं म्हटलं की "सासऱ्याचं" ऐकून हसायला निघालेला माणूस "लिहिलेलं होतं" संपेपर्यंत थांबतो आणि हसू अर्धं विरतं. "अर्जावर जामीनदार कोण? सासरा." एवढ्यावर थांबा. प्रत्येक पंच कागदावर लिहून शेवटचा शब्द अधोरेखित करा. तिथे "होता", "आहे" किंवा "झालं" सापडलं तर वाक्य मोडून पुन्हा लिहा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत बडग्यांवर, म्हणजे तिथल्या पुतळ्यांवर, लावलेले फलक यासाठी जरूर वाचावेत. आठ-दहा शब्द, चालत्या गर्दीतून वाचून होतील असे, आणि घाव शेवटच्या शब्दावर. दरवर्षी दहा फलक स्वतः लिहून बघा.

ऐकू न येणं हे पडलेल्या विनोदाचं सगळ्यात साधं कारण, आणि त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत छोट्या सभागृहांत कूलर चालू असतात. त्यांची घरघर आवाजाची खालची पट्टी खाते आणि वाक्याचा शेवट हळू बोलण्याची सवय असेल तर पंचच नाहीसा होतो. कार्यक्रमाआधी कूलर चालू ठेवूनच माइक तपासा आणि एखाद्याला शेवटच्या रांगेत उभं करून वाक्याचा शेवट कानावर पडतो का ते विचारा. माइक तोंडापासून तीन-चार बोटांवर धरा. त्याची जाळी मुठीत झाकू नका, शिट्टी वाजते. स्टँडवरून माइक काढला की स्टँड मागे सरकवा, नाहीतर तो तुमच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये उभा राहतो.

बोलीबद्दल तुम्हाला दोन टोकाचे सल्ले मिळाले आहेत आणि माझ्या मते दोन्ही चुकीचे आहेत. वऱ्हाडी टीव्हीवर चालत नाही असं म्हणणाऱ्यानं भारत गणेशपुरेंना पाहिलेलं नाही. वऱ्हाडी पुरेशी आहे असं म्हणणाऱ्यानं डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांना नीट ऐकलेलं नाही. त्यांच्या वऱ्हाडी कवितेत बोलीइतकंच शेत, कर्ज, पुढारी आणि घरातली बाई यांचं बारीक निरीक्षण आहे. "काऊन बे" म्हटल्याबरोबर येणारा हशा हा ओळखीचा हशा असतो. तो पहिल्या मिनिटाला उपयोगी पडतो, पाचव्याला नाही. एक चाचणी घ्या: तुमचा विनोद प्रमाण मराठीत मोठ्यानं वाचा. तरी हसू आलं तर विनोद आहे, आणि मग तो वऱ्हाडीत केला तर दुप्पट खुलेल. काहीच उरलं नाही तर ती फक्त हेल होती. सावजीचा तिखटपणा, उन्हाळा आणि संत्री ही प्रत्येक नागपूरकर विनोदकाराची पहिली दहा मिनिटं असतात, तुमच्या क्लिपमध्येही आहेत. तुम्ही मात्र रोज कर्ज मागायला आलेल्या माणसांसमोर बसता: हप्ता चुकल्यावर लोक काय कारणं सांगतात, जामीनदार कसे गायब होतात, सोनं तारण ठेवताना नवरा-बायको एकमेकांकडे कसं बघतात. हे दुसऱ्या कुणाकडे नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून लिहा, ग्राहकाची माहिती मंचावर आणता येत नाही. पण लिहा, तुमची पुढची वीस मिनिटं तिथेच आहेत.

नागपूरचा आणखी एक फायदा तुम्हाला दिसलेला नाही. हे शहर १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडची आणि मग मध्य प्रदेशाची राजधानी होतं, त्यामुळे इथला प्रेक्षक हिंदी आणि मराठीत एका वाक्यात ये-जा करतो. २००५ च्या हिंदी हास्यस्पर्धेचे पहिले विजेते सुनील पाल मूळचे विदर्भातलेच. दोन्ही भाषांतली दहा-दहा मिनिटं तयार ठेवलीत तर कॉर्पोरेट कार्यक्रम इथे बसूनही मिळतात.

होस्ट होण्याची तयारीही आजपासून इथेच करता येते, आणि मला याची घाई जास्त वाटते, कारण लग्नाच्या संगीतासारख्या कार्यक्रमात लागलेल्या सवयी टीव्हीवर अंगाशी येतात. एकाच प्रश्नात दोन प्रश्न विचारणं, त्यामुळे पाहुणा सोप्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. पाहुणा बोलत असताना पुढच्या कार्डाकडे बघणं. कॅमेरा नेमका तेव्हाच तुमच्यावर असतो. पाहुण्याच्या पंचवर माइकमध्ये हसणं, ज्यामुळे त्याचा शेवटचा शब्द दबतो आणि संकलकाला तो तुकडा कापावा लागतो. आणि शांततेची भीती. चांगला होस्ट उत्तरानंतर दोन सेकंद थांबतो, पाहुणा तेवढ्यात खरी गोष्ट सांगतो.

सराव असा करा. पाच बाय तीन इंचांची जाड कार्डं घ्या. एका कार्डावर दहाच शब्द, कोपऱ्यात क्रमांक, आणि भोक पाडून दोरी ओवा, म्हणजे पडली तरी क्रम बिघडत नाही. पाहुण्याचं नाव त्याच्याकडूनच उच्चारून घ्या आणि जसं ऐकलं तसं कार्डावर लिहा. टीव्हीवर कानात इअरपीस असतो आणि तुम्ही बोलत असताना कंट्रोल रूममधून सूचना येत राहतात. त्यासाठी मित्राला फोनवर घ्या, एका कानात इअरफोन लावा आणि एखाद्या विषयावर सलग बोला. मित्रानं मध्येच "तीस… वीस… दहा" म्हणावं आणि शून्याला तुमचं वाक्य पूर्ण झालेलं असावं, तुटलेलं नव्हे. पहिले काही दिवस जीभ अडखळेल, मग कान आणि तोंड वेगळं चालायला लागतं. प्रॉम्प्टर, म्हणजे कॅमेऱ्यापाशी सरकत जाणारा मजकूर, वाचतानाही असंच: मोबाइलवर प्रॉम्प्टरचं अ‍ॅप घ्या, अक्षरं मोठी ठेवा, आणि स्वतःचं चित्रण पाहून डोळे डावीकडून उजवीकडे पळतात का ते तपासा. पळत असतील तर मोबाइल आणखी लांब ठेवा आणि ओळी आखूड करा.

आकाशवाणी नागपूर १९४८ पासून सुरू आहे. तिथे नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेळोवेळी आवाजचाचणी होते, जाहिरात आली की अर्ज करा. मानधनापेक्षा सेकंदाची शिस्त आणि शब्दांचे स्वच्छ उच्चार हा तिथला लाभ. एखाद्या संध्याकाळी रेशीमबागेतल्या सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागी निवेदन करायची संधी मिळाली तर ती मोफतही घ्या. सुमारे दोन हजार माणसांसमोर आवाज कसा पोहोचतो आणि हशा परत यायला किती वेळ लागतो, हे कॅफेत कळत नाही.

आता करार. तो वकिलाला दाखवाच, पण वकिलाकडे जाण्यापूर्वी या जागा स्वतः वाचा. "दुसरीकडे काम न करणे" ही अट सध्या सरसकट आहे, म्हणजे तुमचे रंगमंचाचे कार्यक्रम, लग्नाचं सूत्रसंचालन, स्वतःचं यूट्यूब, सगळं बंद. ती अशी बदलून मागा: "ही अट फक्त दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांना लागू राहील, मुदत शेवटच्या प्रसारित भागानंतर ९० दिवस, रंगमंचीय कार्यक्रम, सूत्रसंचालन आणि कलाकाराचे स्वतःचे समाजमाध्यम यातून वगळले आहेत." मजकुराचे हक्क दुसरे. तुम्ही आधीपासून करत असलेल्या विनोदांची यादी कराराला जोडा आणि ते तुमचेच राहतील असं लिहून घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, पण बहुतेक करारांत "कायमस्वरूपी, जगभर" असं लिहिलेलं असतं आणि मग ही तरतूद कामाला येत नाही. कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो, म्हणून सेट लिहून तारखेसह स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेऊन संहितेची ऑनलाइन नोंदणीही करता येते. तिसरी जागा जबाबदारीची: संवाद त्यांनी लिहिला आणि कोणाच्या भावना दुखावल्या तर खटल्याचा खर्च तुमच्यावर येत नाही ना, हे पाहा. विनोदावरून गुन्हा दाखल होणं आता दुर्मीळ राहिलेलं नाही.

पैशाचं गणित पत्रात कुठेच नव्हतं. या क्षेत्रात मोबदला बऱ्याचदा प्रसारणानंतर ९० दिवसांनी मिळतो. जूनमध्ये चित्रीकरण, जुलैत प्रसारण आणि बिल, म्हणजे पैसे ऑक्टोबरमध्ये, त्यातूनही दहा टक्के टीडीएस कापून. मुंबईत खोलीची अनामत आणि पहिले पाच महिने तुमच्या शिलकीतून जातील. बारा महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर मुक्काम हलवू नका. संस्थेला महिन्यातले चित्रीकरणाचे दिवस विचारा. ते आठ-दहाच असतील तर रात्रीची दुरांतो आणि साठलेली रजा यांवर पहिले तीन महिने निभावता येतील. प्रवास आणि मुक्काम कोणाकडे हेही लिहून घ्या. बँकेच्या नेमणूकपत्रात दुसऱ्या सशुल्क कामाला मनाई असते, म्हणून शाखा व्यवस्थापकांमार्फत लेखी परवानगी मागा. न विचारता टीव्हीवर दिसणं हा नोकरी जाण्याचा सगळ्यात सोपा मार्ग आहे.

तुमच्या जागी असलेल्या माणसानं मी करीन तेच करावं असं नाही, पण माझं मत स्पष्ट आहे: अट बदलून मिळाली तर बिनपगारी रजा घेऊन एक पर्व करा. बदलून मिळाली नाही तर सोडून द्या. दोन वर्षं मंचापासून लांब राहणं हे एका पर्वाच्या प्रसिद्धीपेक्षा फार महाग पडेल. पुन्हा बोलावणं येणार नाही ही भीती मला समजते. पण संस्थेनं तुम्हाला एका क्लिपवरून शोधलं, ती क्लिप नागपुरातच तयार झाली होती आणि पुढचीही इथेच होऊ शकते. वडिलांना "होकार द्या" म्हणण्याऐवजी हाच हिशेब एका कागदावर दाखवा: शिल्लक, रजा, चित्रीकरणाचे दिवस, परतीची तारीख. त्यांचा विरोध विनोदाला आहे की अनिश्चिततेला, हे तेव्हाच कळेल.

होणाऱ्या पत्नीला मात्र या आठवड्यातच सांगा, संस्थेला उत्तर पाठवण्याआधी. तिच्यावर किंवा तिच्या माहेरावर बेतलेले विनोद तुमच्या सेटमध्ये असतील तर ते आधी तिला ऐकवा आणि तिनं नको म्हटलेला काढून टाका. मंचावरचा विनोद सासरी पोहोचायला एक फॉरवर्ड पुरतो. आणि करारात "उपलब्ध नसलेल्या तारखा" अशी नोंद करून लग्नाचे आणि आधी-नंतरचे दिवस तिथे लिहून घ्या. चित्रीकरणाचं वेळापत्रक लावणारा माणूस वेगळा असतो, फोनवर सांगितलेली तारीख त्याच्यापर्यंत पोहोचेलच असं नाही.